एका हेक्टरात कोण मावतं?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, गुरांच्या कुरणांसाठी ॲमेझॉनचं जंगल झपाट्याने तुटत होतं. सरकार सवलती देत होतं आणि जमीनमालक झाडं पाडून जाळत होते. तेव्हाच्या कायद्यात एक अट होती: आपल्या जमिनीतलं निम्मं जंगल मालकाने उभं ठेवायचं. ते कुठे ठेवायचं आणि कोणत्या आकाराचं, याचा खुलासा नव्हता. थॉमस लव्हजॉय या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं. झाडं तुटणारच आहेत, तर राखायचा भाग चौकोनी आणि मोजूनमापून राखा, अशी गळ त्याने मालकांना घातली. १९७९ साली ब्राझीलच्या ॲमेझॉन संशोधन संस्थेबरोबर काम सुरू झालं. पुढच्या दशकभरात एक हेक्टरचे पाच, दहा हेक्टरचे चार आणि शंभर हेक्टरचे दोन, असे अकरा तुकडे भोवतालच्या जंगलापासून सुटे झाले.

या प्रयोगाचं खरं मोल वेगळंच आहे. तुकडे सुटे होण्याआधीच तिथल्या जीवांची मोजदाद सुरू झाली होती. एरवी जंगल तुटून गेल्यावर अभ्यासक पोचतो आणि उरलेल्यांची यादी करतो. गेलं कोण, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो.

प्रयोगामागे एक जुना वाद होता. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला: बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या त्यावर जाती जास्त. विल्सन हा मुळात मुंग्यांचा अभ्यासक. त्यामुळे या सिद्धांताची पहिली मोठी परीक्षाही किडामुंगीवरच झाली. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ खारफुटीची चिमुकली बेटं आहेत. विल्सन आणि त्याचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी त्यांतल्या काही बेटांवर चक्क तंबू चढवले, आत विषारी धूर सोडला आणि बेटावरचे सगळे कीटक-कोळी मारून टाकले. मग रिकाम्या बेटावर कोण परत येतं, याची नोंद ठेवली. वर्षाच्या आत बहुतेक बेटांवरची जातींची संख्या जवळपास पूर्वपदावर आली. सर्वांत दूरचं बेट मागे राहिलं. पुढे सिम्बरलॉफने बेटांचे भाग करवतीने कापून ती लहान केली, तेव्हा जातीही कमी झाल्या. या पुराव्यावरून काहींनी असा नियम काढला, की राखीव जंगल एकच पण मोठं असावं. गंमत अशी, की त्याला आडवा गेला तो सिम्बरलॉफच. तेवढ्याच क्षेत्राचे अनेक लहान तुकडे मिळून जास्त जाती सामावू शकतात, असं त्याचं म्हणणं होतं. लव्हजॉयने या वादाचा निकाल जमिनीवर लावायचं ठरवलं.

आता जंगलाच्या तळाशी उतरू, कारण सगळ्यांत बोलकी उत्तरं तिथे मिळाली.

एसिटॉन बुर्चेली नावाची लष्करी मुंगी आहे. तिच्या एका वसाहतीत काही लाख कामकरी मुंग्या असतात आणि त्या वारूळ बांधत नाहीत. पडलेल्या ओंडक्याखाली किंवा झाडाच्या मुळांच्या बेचक्यात त्या एकमेकींच्या पायांत पाय अडकवून लोंबकळतात. अशा हजारो देहांचा एक जिवंत लोळा तयार होतो. राणी, अंडी, अळ्या सगळं त्या लोळ्याच्या पोटात. वीसेक दिवस ही वसाहत एका जागी थांबते, नंतरचे पंधराएक दिवस जवळजवळ रोज रात्री मुक्काम हलवते. सकाळी फौज शिकारीला निघते. कित्येक मीटर रुंदीची मुंग्यांची आघाडी पाचोळ्यातून सरकू लागली, की समोरचे कोळी, झुरळं, रातकिडे, गोमी जीव घेऊन पळत सुटतात. या पळणाऱ्यांवरच जगणारे पक्षी आहेत. ते मुंग्यांच्या मागे मागे फिरतात. त्या पक्ष्यांची विष्ठा पानांवर पडते आणि तिच्यातले नायट्रोजनयुक्त घटक शोषायला काही फुलपाखरांच्या माद्या येतात. एका मुंगीच्या मागे हा एवढा मोठा लवाजमा.

अशा एका वसाहतीला सुमारे तीस हेक्टर जंगल लागतं. एक हेक्टरच्या तुकड्यात ती मावत नाही, दहाच्याही नाही. मानाउसच्या लहान तुकड्यांतून लष्करी मुंग्या गेल्या आणि मुंग्यांमागे फिरणारे पक्षीही थोड्याच काळात दिसेनासे झाले. झाडं होती तशी उभी होती. कुणी विमानातून पाहिलं असतं, तर खाली हिरवं जंगलच दिसलं असतं.

दुसरं उदाहरण ऑर्किडच्या मधमाश्यांचं. हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या या माश्यांचे नर ऑर्किडच्या फुलांतून सुगंधी द्रव्यं गोळा करतात आणि मागच्या पायांतल्या पोकळीत साठवतात. त्या खटाटोपात ऑर्किडचं परागीभवन होतं. निलगिरीच्या तेलातल्या सिनिओलसारख्या द्रव्याचं आमिष लावलं, की नर धावत येतात, त्यामुळे त्यांची मोजणी सोपी. मानाउसला तुकडे सुटे झाल्यावर आमिषाकडे येणाऱ्या नरांची संख्या घसरली. नुसती शंभर मीटरची मोकळी पट्टीही त्यांना अडवत होती. हे चक्रावणारं आहे. कारण डॅनियल जॅन्झेनने १९७१ साली कोस्टा रिकात दाखवून दिलं होतं, की या माश्यांच्या माद्या वीसेक किलोमीटरवरून आपल्या घरट्याकडे परत येऊ शकतात. म्हणजे पंखांत बळ नाही असं नव्हे. सावली सोडून उन्हाच्या उघड्यावर जायलाच माशी तयार होत नाही. नकाशावर अंतर मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही: जीव किती लांब उडू शकतो आणि किती उघडा मुलूख ओलांडायला धजतो, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आणि शेणकिडे. यांच्याविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण सुंदर फुलपाखरांच्या गर्दीत यांची बाजू कोणी घेत नाही. काही शेणकिडे शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी लोटत नेतात, काही शेणाच्या खालीच बोगदा खणून माल आत ओढतात, काही थेट शेणातच संसार थाटतात. माकडाची विष्ठा जमिनीवर पडली, की थोड्याच वेळात वासावर किडे हजर होतात. त्या विष्ठेत फळांच्या बिया असतात. गोळ्याबरोबर बीही जमिनीत गाडलं जातं, उंदराच्या तावडीतून सुटतं आणि ओलाव्यात रुजतं. माश्यांच्या अळ्या आणि परोपजीवी जंत यांचाही वाढण्याआधीच निकाल लागतो. बर्ट क्लाइनने मानाउसच्या तुकड्यांत शेणकिड्यांचा अभ्यास करून १९८९ साली निष्कर्ष मांडले. तुकड्यांत अखंड जंगलापेक्षा जाती कमी होत्या, किड्यांची संख्या कमी होती आणि किडे आकारानेही लहान होते. शेण कुजायला आणि नाहीसं व्हायला जास्त वेळ लागत होता. कीटकांची यादी तोकडी झाली, एवढंच त्याने सांगितलं असतं तर तो एक साधा शोधनिबंध ठरला असता. जंगलाचं एक रोजचं काम मंदावलं, हे त्याने मोजून दाखवलं. एखादं माकड तुकड्यात टिकलं, त्याने फळं खाल्ली, बी जमिनीवर पडलंही. पण ते पेरणारा गैरहजर.

हे का होतं, याचं उत्तर पुष्कळसं साध्या अंकगणितात आहे. जंगलाच्या कडेला ऊन तिरपं आत शिरतं, वारा घुसतो, हवा कोरडी पडते, मोठी झाडं उन्मळतात. हत्तीला याचं फारसं काही वाटणार नाही. पण चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचं, गोगलगाईचं, वाणी किड्याचं शरीर इतकं लहान असतं, की आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा. कोरड्या हवेत ते झपाट्याने सुकतात. आता समजा, हा कोरडेपणा कडेपासून शंभर मीटर आत पोचतो. शंभर हेक्टरचा चौकोन म्हणजे बाजू एक किलोमीटर. त्यात आतलं, ओलं जंगल ६४ हेक्टर उरतं. दहा हेक्टरच्या चौकोनात जेमतेम १.३५ हेक्टर. एक हेक्टरच्या चौकोनात शून्य. तो तुकडा म्हणजे नुसती कडच. आणि तेच शंभर हेक्टर जर पाच किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद अशा पट्टीच्या रूपात उरले, तर तिथेही शून्य. सरकारी कागदावर मात्र दोन्हीकडे आकडा शंभरच. जंगलाचं क्षेत्र जाहीर करताना त्याचा आकार न सांगणं, ही माहिती अर्धीच ठेवण्याची रीत आहे आणि ती आता मोडायला हवी.

राफेल डिडहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच तुकड्यांच्या पाचोळ्यातले भुंगेरे वेचले. हाती आल्या तब्बल ९९३ जाती. त्यांतल्या सर्रास आढळणाऱ्या जातींवरून त्यांनी अंदाज बांधला, की शंभर हेक्टरच्या तुकड्यातून किमान पाचवा हिस्सा जाती गळतात, दहा हेक्टरमधून सुमारे तीस टक्के आणि एक हेक्टरमधून जवळपास निम्म्या. दुर्मीळ जातींची काळजी सगळेच करतात. इथे तर पाचोळ्यात सर्रास सापडणारेही गळत होते.

फुलपाखरांनी मात्र अभ्यासकांना कोड्यात टाकलं. लहान तुकडे सुटे झाल्यावर त्यांतल्या फुलपाखरांच्या जाती वाढल्या! उघड्यावरची, उन्हाची आवड असलेली, कुठेही जमवून घेणारी फुलपाखरं कडेने आत आली आणि यादी लांबली. गर्द सावलीत जमिनीलगत उडणाऱ्या जाती त्याच काळात ओसरत होत्या. जैवविविधता म्हणजे जातींची बेरीज, असं मानणाऱ्याने या तुकड्याला शाबासकीच दिली असती. या व्याख्यानाचा रोख इथेच आहे. तुकड्यात किती जाती आहेत, हा प्रश्न पुरेसा नाही. कोणत्या आहेत आणि त्या काय काम करतात, हे विचारलं तरच जंगलाची खरी अवस्था कळते.

कधी कधी तर एखादा जीव तुकड्यात वारेमाप वाढतो. व्हेनेझुएलात कारोनी नदीवरच्या गुरी धरणाचं पाणी १९८६ साली पूर्ण चढलं आणि टेकड्यांचे माथे बेटं होऊन उरले. लहान बेटांवर शिकारी प्राणी टिकले नाहीत. जॉन टेरबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली जे प्रसिद्ध केलं ते हादरवणारं होतं: पानं कापणाऱ्या मुंग्या, घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना, हाउलर माकडं आणि उंदीर यांची दाटी मुख्य भूमीच्या दहा ते शंभर पट झाली होती. या मुंग्या कापलेल्या पानांवर बुरशीची शेती करतात. त्यांना आवरणारं कोणी राहिलं नाही, तेव्हा कोवळी रोपं तगेनाशी झाली. वरची जुनी झाडं उभी आणि खाली त्यांचा वारस नाही, अशी ती बेटं.

पण मानाउसची कथा नुसती ऱ्हासाची नाही. गुरांचा धंदा तिथे आतबट्ट्याचा ठरला, बरीच कुरणं सोडून दिली गेली आणि त्यांत दुय्यम जंगल उगवलं. क्लाइननंतर सुमारे पंधरा वर्षांनी इंग्रिड किंतेरो आणि तोमास रोस्लिन यांनी तेच तुकडे पुन्हा तपासले. शेणकिडे परतले होते! तुकडा तेवढाच होता, चौकोन तोच होता. बदलला होता तो मधला मुलूख. उघड्या कुरणाच्या जागी आता सावली होती. ऑर्किडच्या माश्यांबाबतही मधली झाडी वाढल्यावर अडथळा सौम्य झालेला दिसला. तुकड्याचं भवितव्य बरंचसं तुकड्याबाहेर ठरतं, हे त्या पंधरा वर्षांनी शिकवलं.

जगभर हा प्रश्न किती पसरला आहे, याचा हिशेब निक हॅडड आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली केला: पृथ्वीवर उरलेल्या जंगलांपैकी ७० टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे. याच काळात कॅनडाच्या लेनोर फॅरिग यांनी उलट बाजू मांडली. एकूण क्षेत्र तेवढंच राहणार असेल, तर नुसते तुकडे पडण्याचा परिणाम पुष्कळदा चांगलाही आढळतो, असं त्यांचं २०१७ सालचं विवेचन आहे. त्यावर कडक उत्तरंही आली. हा वाद झटकून टाकण्यासारखा नाही. फॅरिग यांचं म्हणणं लहान तुकड्यांना टाकाऊ ठरवण्याविरुद्ध आहे आणि तेवढ्यापुरतं ते महाराष्ट्राने कान देऊन ऐकावं असंच आहे. कारण लहान तुकड्यांचा वारसा आपल्या दारात आहे.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला. कोकणात आणि घाटमाथ्यावर गावोगाव देवाच्या नावाने राखलेली ही रानं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे त्यांना देवरहाटी म्हणतात. त्यांतल्या कित्येक एक-दोन हेक्टरच्या, काही त्याहूनही लहान. मानाउसच्या गणिताने पाहिलं तर या नुसत्या कडा ठरायला हव्यात. तरीही शतकानुशतकं त्यांनी ओलावा धरला, झरे धरले, जाडजूड गारंबीचे वेल धरले. त्याचं एक कारण भोवतालचा मुलूख. पूर्वी देवराईच्या बाहेर पडलं की उजाड माळ लागत नसे. आंबा-फणसाची बागायत, कुंपणाची झाडी, गवत आणि राब यांसाठी राखलेलं रान, ओढ्याकाठची दाटी लागायची. त्या सावल्यासावल्यांतून भुंगेरा पुढच्या राईपर्यंत पोचू शकत होता.

हा मधला मुलूख आता वेगाने बदलतो आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. राज्य सरकारने २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र अवघं अडीच हेक्टरच्या आसपास. अशी दलदल महाराष्ट्रात टिकावी हे मोठंच भाग्य. पण त्याच तालुक्यात डोंगरउतारांवर सरसकट झाडी उतरवून रबराची लागवड झाली आहे. अडीच हेक्टरला दर्जा मिळाला. वरच्या उताराला आणि भोवतालच्या रानाला तेवढंच जपलं नाही, तर दलदलीचं पाणी आणि तिथली ओली हवा त्या दर्जाने टिकणार नाही.

सह्याद्रीत जंगलाचे असे तुकडे पडण्याची सर्वांत मोठी झळ ज्यांना बसते, त्यांत खेकडे आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पुण्यातल्या संशोधकांनी २०१४ साली ‘घाटियाना’ ही खेकड्यांची नवी प्रजाती नोंदवली. घाटावरून नाव दिलेली. पावसाळ्यात ओल्या कातळाच्या भोकांत हे नारिंगी, जांभळे खेकडे दिसतात. समुद्री खेकड्यांच्या अळ्या पाण्याबरोबर दूर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना ती सोय नाही. त्यांची पिल्लं अंड्यातून थेट चिमुकला खेकडा होऊनच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली चिकटून असतात. आई चालेल तेवढंच अंतर पिढीला कापता येतं. दोन ओल्या जागांमध्ये रुंद रस्ता किंवा तासलेला डोंगर आला, की त्या दोन वस्त्या एकमेकींना कायमच्या दुरावतात.

काजव्यांचंही असंच. पावसाच्या तोंडावर भंडारदरा, राजमाचीकडे झाडंच्या झाडं लखलखताना पाहायला हल्ली गर्दी लोटते. काजव्याचं चमकणं थोड्या दिवसांचं. आयुष्याचा मोठा काळ तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, पाचोळ्याखाली गोगलगाई खात काढतो. काही जातींच्या माद्यांना तर उडण्याजोगे पंखच नसतात. पाचोळा सुकला की गोगलगाय गेली, गोगलगाय गेली की काजवा. शिवाय गाड्यांच्या आणि हॉटेलांच्या उजेडात नर-मादीला एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत.

उलट राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं ब्लू मॉरमॉन मुंबईच्या बागांतही दिसतं, कारण त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं चालतात. ते देखणं आहे, मानाला पात्रच आहे. पण ते दिसलं म्हणून जंगल सुखरूप आहे असं समजू नये. दक्षिणेकडच्या सदाहरित सावलीत कागदासारखं तरंगत जाणारं मलबार ट्री निम्फ गावठाणात येत नाही. त्याच्या असण्या-नसण्यातून जंगलाबद्दल कितीतरी जास्त कळतं.

देवरायांना आज कुऱ्हाडीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे. कौलारू किंवा उघडं देवस्थान जाऊन सिमेंटचं देऊळ होतं, भोवती फरशी बसते, गाडीरस्ता दारापर्यंत येतो, दिवे लागतात. भक्तिभावाने पाचोळा झाडून पेटवला जातो, पडलेला ओंडका ‘साफ’ केला जातो. त्या ओंडक्याची साल उचलून पाहिली तर खाली वाळवीच्या मातीच्या नळ्या, पांढुरक्या अळ्या, वेटोळं घातलेला वाणी, पिल्लांना पाठीवर घेतलेली विंचवीण, एवढी वस्ती सापडते. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. देवराई त्यांनीच राखली आहे. तळाचा पाचोळा हाही राईचाच भाग आहे, हे त्यांना कोणी मोजून दाखवलेलं नाही.

ते मोजणं अवघड नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक नोंदवह्यांत झाडं, औषधी वनस्पती, पक्षी, जनावरं सापडतात. किडामुंगीचं पान रिकामं असतं. गावच्या शाळेतल्या मुलांनी प्लॅस्टिकचा पेला तोंडापर्यंत जमिनीत पुरला, वर पावसापासून आडोसा केला आणि दुसऱ्या दिवशी आत पडलेले जीव मोजून सोडून दिले, तरी ते पान भरू लागेल. पेले तीन ठिकाणी पुरावेत: राईच्या मध्यावर, तिच्या कडेला आणि शेजारच्या काजूच्या बागेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला याच तीन जागी एकसारखे शेणाचे पो ठेवावेत आणि ते नाहीसे व्हायला किती तास लागतात ते लिहावं. देवळाभोवती फरशी बसवण्याआधी एकदा आणि नंतर दरवर्षी त्याच आठवड्यात. दहा वर्षांच्या अशा नोंदी कोकणातल्या पन्नास गावांकडे असतील, तर कोणत्या दोन राया अजून जोडलेल्या आहेत, कोणत्या तुटल्या आणि मधल्या कोणत्या ओढ्याकाठी झाडं लावली तर त्या पुन्हा जोडता येतील, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगता येईल.